चाळिशीतला श्रीगणेशा

आमच्या बचत गटातली एक जण परवा शिवणक्लासचा विषय निघाला तशी गप्पच झाली. बेचाळिसाव्या वर्षी पोरींच्या रांगेत बसायचं म्हणजे लोक हसतील, असं तिचं म्हणणं. मला तिला उत्तर देता आलं नाही. माझी बी.ए.ची पदवीही ट्रंकेतच आहे की!

त्याच रात्री लेकीने कॉम्प्युटरवर एक माहितीपट लावला, ‘बिॲट्रिस वुड: मामा ऑफ दादा’. नाव ऐकून मला हसूच आलं. मामा काय, दादा काय! पण दादा ही एक कलाचळवळ आणि मामा म्हणजे आई. १९९३ सालच्या या फिल्ममध्ये दिसते ती शंभरीतली अमेरिकन कुंभारीण. अंगावर चक्क साडी, भरपूर चांदीचे दागिने आणि हात मातीत!

बिॲट्रिसचा जन्म १८९३ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या श्रीमंत घरातला. आईवडिलांचा विरोध पत्करून ती नाटकात गेली, चित्रं काढू लागली. दोन लग्नं झाली, पण संसारसुख काही लाभलं नाही. कृष्णमूर्तींची व्याख्यानं ऐकायला ती हॉलंडला गेली, तिथे तिने चकाकत्या झिलईच्या जुन्या बशा घेतल्या. त्यांना शोभेलशी किटली कुठे मिळेना. मग आपणच करू म्हणून १९३३ मध्ये तिने हॉलिवूडमधल्या एका शाळेत प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. वय वर्षं चाळीस!

किटली झटपट होईल अशी तिची कल्पना. पण माती कुणाचं ऐकते? ती नेटाने शिकत राहिली. १९३८ च्या पुरात राहतं घर गेलं, तरी चाक सुटलं नाही. भट्टीतली हवा कोंडली की झिलईतले धातू वर येऊन भांडं सोन्यासारखं झळकतं. ही झिलई हीच पुढे तिची ओळख झाली. भांड्यांबरोबर ती मातीच्या गमतीदार बाहुल्याही घडवायची. १९६१ मध्ये ती भारतात आली आणि साडीच्या प्रेमात पडली, ती कायमचीच. शंभरी ओलांडल्यावरही तिचं काम चालू होतं. १९९८ मध्ये, १०५ वा वाढदिवस झाल्यावर नऊ दिवसांनी ती गेली.

मी मनाशी हिशेब केला. चाळिशीनंतर तिला पासष्ट वर्षं मिळाली!

सोमवारी मैत्रिणीला घेऊन क्लासला गेले. तिचं नाव घातलं आणि येताना माझंही घालून आले.