जालीनूसचे म्हणणे आणि दोन हजार जबडे

वाचकहो, कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे सरकते, तो आपल्या खालच्या जबड्याचा सांधा होय. वरचा जबडा मध्यरेषेवर जुळलेल्या दोन हाडांचा असून तो कवटीशी जखडलेला असतो. चावण्याची आणि बोलण्याची हालचाल खालचाच करतो. अक्कलदाढा धरून प्रौढाच्या प्रत्येक जबड्यात सोळा दात असतात. पण हा खालचा जबडा एका हाडाचा की दोन हाडांचा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. तथापि सुमारे हजार वर्षे वैद्य त्याचे चुकीचे उत्तर पाठ करीत आले होते.

ते उत्तर ग्रीक वैद्य गॅलेन, म्हणजेच अरबी ग्रंथांतील जालीनूस, यांचे होते. त्यांच्या मते हनुवटीपाशी दोन हाडे सांधलेली असत. हे खोडून काढले अब्दुल लतीफ अल-बगदादी (रह.) यांनी.

त्यांचा जन्म इ. स. ११६२ मध्ये बगदादला झाला. बालपणीच कुरआन, हदीस, फिक्ह आणि अरबी व्याकरण यांचे शिक्षण त्यांना लाभले. वैद्यकाकडे ते नंतर वळले. मोसूल, दमास्कस असा प्रवास करीत ते कैरोला पोहोचले. सुलतान सलाहुद्दीन यांचा आश्रय त्यांना मिळाला, मूसा इब्न मैमून या यहुदी वैद्यांची भेट झाली आणि पुढे अल-अझहरमध्ये ते शिकवू लागले.

इ. स. १२०० मध्ये नाईल नदीला पुरेसा पूर आला नाही. इजिप्तची शेती या पुरावरच अवलंबून. साहजिकच दुष्काळ पडला आणि पाठोपाठ साथ आली. माणसे इतकी मेली की दफन करायलाही हात उरले नाहीत. आपल्या ग्रंथात अब्दुल लतीफ यांनी या काळाचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आजही अंगावर शहारे येतात.

याच सुमारास शरीररचना शिकणाऱ्या काही जणांना ग्रंथांतील वर्णनावरून हाडांचा नीट बोध होईना. अल-मक्स येथे सांगाड्यांची टेकडी झाली असल्याचे कळताच अब्दुल लतीफ त्यांच्यासह तेथे गेले. त्यांनी एकाही देहाला शस्त्र लावले नाही, हे ध्यानात घ्या. दुष्काळाने उघडी पडलेली हाडेच त्यांनी पाहिली. दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या, पण खालच्या जबड्यात सांध्याची खूणही आढळली नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. इतरांनाही, स्वतःच्या समक्ष आणि स्वतःच्या गैरहजेरीत, तीच तपासणी करायला लावली. पुढे बूसीरच्या जुन्या दफनभूमीतील हाडेही पाहिली. निष्कर्ष तोच राहिला.

जालीनूसांविषयी त्यांना नितांत आदर होता, म्हणूनच एवढी खात्री त्यांना आवश्यक वाटली असावी. चूक कोठून आली असेल, याचा तर्क आपणही करू शकतो. जालीनूसांचे विच्छेदन मुख्यतः प्राण्यांवर झाले होते, आणि बकऱ्याचा शिजवलेला जबडा हनुवटीपाशी सहज दुभंगतो, हे आपल्या घरांतून सर्वांनाच ठाऊक आहे. नवजात बालकाचा जबडाही दोन अर्धांचाच असतो. पहिल्या वर्षाच्या आसपास ते जुळून एक होतात.

माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या बाबतीत मात्र निकाल इतका स्वच्छ नव्हता. काहींत ते अखंड दिसले. काहींत सांधे आढळले. त्यांनी तेही तसेच नोंदवले. माझ्या मते त्यांची खरी योग्यता या नोंदीतच दिसते.

हा शोध वैद्यकाच्या ग्रंथात नव्हे, तर ‘अल-इफादा वल-इअतिबार’ या इजिप्तच्या वर्णनात, वनस्पती आणि पिरॅमिड यांच्या शेजारी नोंदला गेला. युरोपात वेसालियस यांनी हेच छापले ते १५४३ साली.

उत्तरायुष्यात अब्दुल लतीफ दमास्कस, हलब आणि अनातोलियात राहिले. हजच्या इराद्याने निघून ते वाटेत बगदादला थांबले आणि आपले ग्रंथ खलीफा अल-मुस्तन्सिर यांना अर्पण केले. तेथेच आजारी पडून इ. स. १२३१ मध्ये, हिजरी ६२९ च्या मुहर्रम महिन्यात, जन्मगावी त्यांचे निधन झाले.