हाजी मुहम्मद मोहसिन : एक वक्फ आणि त्याचे राखणदार

आपल्या बीड जिल्ह्यात मस्जिदी, दर्गे आणि कब्रस्ताने यांच्या नावे निजामाच्या काळापासून इनामी जमिनी आहेत. त्यांची सेवा अनेक ठिकाणी एकाच घराण्यात बापाकडून मुलाकडे चालत आली आहे. मुंतखब आणि सनदा घरातील जुन्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात, परंतु त्यात काय लिहिले आहे हे नव्या पिढीला वाचता येतेच असे नाही. अशा घरांतील पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी बंगालचे थोर दानशूर हाजी मुहम्मद मोहसिन यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. त्यांचे दान मोठे होतेच. पण त्या दानाचे पुढे काय झाले, हा भाग त्याहून अधिक बोधप्रद आहे.

मोहसिन यांचा जन्म 1732 च्या सुमारास हुगळी येथे झाला. त्यांचे वडील हाजी फैजुल्ला हे इराणी व्यापारी घराण्यातील होते. आई जैनब खानम यांचा हा दुसरा विवाह होता. पहिले पती आगा मुताहर यांनी जसोर भागात मोठी जहागीर मिळविली होती. ते वारले तेव्हा ही सारी मालमत्ता त्यांनी पत्नीस न देता आपली लहान मुलगी मन्नूजान हिच्या नावे केल्याचे उघड झाले. मुलीच्या गळ्यातील तावीज उघडल्यावर त्यातून तो कागद निघाला, असे सांगतात.

मन्नूजान आणि तिचा हा सावत्र भाऊ एकत्र वाढले. दोघांनी एकाच उस्तादाजवळ अरबी आणि फारसीचे धडे घेतले. त्या काळी मुलीला भावाच्या बरोबरीने शिकविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पुढे याच शिक्षणाचा मन्नूजानला उपयोग झाला. पती मिर्झा सलाहुद्दीन यांच्या निधनानंतर तिने एवढी मोठी जहागीर स्वतः सांभाळली.

मोहसिन यांना मालमत्तेची ओढ नव्हती. तरुणपणीच ते प्रवासास निघाले. अरबस्तान, इराण, तुर्कस्थान, मिसर अशा देशांत त्यांनी बरीच वर्षे काढली आणि हजही केला. त्यांचे हस्ताक्षर अत्यंत सुंदर होते. स्वतःच्या हाताने कुरआन शरीफच्या प्रती लिहून त्यांची मिळकत ते गरिबांना देत, अशी आठवण सांगितली जाते. वृद्धापकाळी बहिणीने त्यांना हुगळीस बोलावून घेतले. तिला अपत्य नव्हते. 1803 साली ती वारली आणि तिची सारी जहागीर भावाकडे आली. तेव्हा मोहसिन यांचे वय सत्तरीच्या आसपास होते आणि ते अविवाहित होते.

1806 साली त्यांनी वक्फनामा करून ही मालमत्ता अल्लाहच्या नावे केली. उत्पन्नाचे त्यांनी 9 हिस्से ठरविले. 3 हिस्से मोहरम, फातिहा आणि इमामबाड्याची दुरुस्ती यांसाठी. 4 हिस्से नोकरांचे पगार, निवृत्तिवेतन आणि दानधर्म यांसाठी. उरलेले 2 हिस्से दोन मुतवल्लींच्या मेहनतान्यासाठी, प्रत्येकी 1. म्हणजे मुतवल्लीचा हक्क किती हे दात्याने स्वतःच लिहून ठेवले होते. 1812 साली त्यांचे निधन झाले.

यानंतरचा इतिहास दुःखद आहे. थोड्याच वर्षांत कारभार बिघडला. हिशोब नीट राहिला नाही, आणि वक्फचे उत्पन्न स्वतःच्या घराकडे वळविल्याचे आरोप मुतवल्लींवर झाले. अशा संस्थांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार 1810 च्या कायद्याने कंपनी सरकारला मिळाला होता. त्याच्या आधारे सरकारने मुतवल्लींना दूर केले. त्यांनी दावा लावला. तो विलायतेपर्यंत गेला आणि 1835 साली त्यांच्याविरुद्ध संपला. तोवर लाखो रुपये शिल्लक साठले होते.

या शिलकेतून सरकारने 1836 साली हुगळी कॉलेज उघडले. कॉलेज नामांकित निघाले; बंकिमचंद्र चट्टोपाध्याय तेथेच शिकले. ज्ञानाचे दार सर्वांना खुले झाले ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु तेथील इंग्रजी वर्गांत मुसलमान मुले अगदी थोडी होती. पैसा मोहसिन यांच्या वक्फचा, आणि त्यांच्याच समाजातील गरीब मूल वर्गाबाहेर, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. अखेर 1873 साली सरकारने धोरण बदलले. मोहसिन फंडातून ढाका, चितगाव व राजशाही येथे मदरसे निघाले आणि मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीस व शिष्यवृत्त्यांना मदत सुरू झाली. वक्फनाम्यापासून इथवर 67 वर्षे गेली होती.

याच हुगळी कॉलेजात शिकलेले सय्यद अमीर अली पुढे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वक्फच्या कायद्याचे ते मोठे जाणकार होते. हुगळी इमामबाड्याच्या समितीचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले. ज्या वक्फला अजाण कारभाराने बुडविले होते, त्याच्याच पैशातून असा जाणता माणूस घडला.

बंधुभगिनींनो, मोहसिन यांच्या वक्फनाम्यात काही उणीव नव्हती. उणीव होती ती कारभार पाहणाऱ्यांत. मुतवल्ली हा मालक नसतो, तो अमानतदार असतो. आणि अमानत सांभाळण्यासाठी नेकीबरोबर ज्ञानही लागते. हे ज्ञान एकदा मिळवून भागत नाही, कारण कायदा बदलत राहतो. कुटुंबासाठी केलेले वक्फ 1894 साली प्रिव्ही कौन्सिलने रद्दबातल ठरविले, आणि 1913 च्या कायद्याने ते पुन्हा वैध झाले. 1923 साली हिशोब सादर करण्याचे बंधन आले. त्यानंतर 1954 आणि 1995 चे कायदे झाले. 2025 च्या दुरुस्तीने वक्फची माहिती सरकारी पोर्टलवर नोंदविणे आवश्यक केले, आणि कौटुंबिक वक्फमुळे स्त्रियांचा वारसाहक्क डावलला जाऊ नये असेही सांगितले. आजोबांना जे ठाऊक होते तेवढ्यावर नातवाचे काम चालणार नाही.

म्हणून ज्या घरात तौलियत आहे, त्या घराने वर्षातून काही दिवस तरी या अभ्यासाला द्यावेत. मुंतखब जाणकाराकडून वाचून घेऊन त्याचा तर्जुमा करून ठेवावा. सातबारा दरवर्षी काढून पाहावा. जमा-खर्चाची वही घरातील शिकलेल्या मुलाच्या, आणि मुलीच्याही, हाती द्यावी. मन्नूजानला अठराव्या शतकात जे जमले ते आपल्या मुलींना आज का जमू नये? वाणिज्य किंवा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या मोहल्ल्याच्या मस्जिदीचा हिशोब मांडून देण्यापासून सुरुवात करावी. एक वही नीट राहिली, तर कदाचित एका गरीब मुलाची फी तिच्यातूनच निघेल.

मरहूम हाजी साहेबांनी संपत्ती दिली. तिची राखण करण्याचे शिक्षण घेणे मागच्यांच्या हाती होते, आणि आपल्या ठिकाणी ते आपल्या हाती आहे. अल्लाह आपणा सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.