दादासाहेब गायकवाड : पद कुणाचं, शब्द कुणाचा?

जळगाव-धुळ्यात जयंतीचं बॅनर लागलं की पहिला वाद फोटोचा. कुणाचा मोठा, कुणाचा कोपऱ्यात. एकेका तालुक्यात तीन-तीन अध्यक्ष आणि प्रत्येकाच्या खिशात नियुक्तीपत्र. हे गटतट आजचे नाहीत. ते समजून घ्यायचे तर कर्मवीर दादासाहेबांचं आयुष्य वाचावं लागतं, नुसता हार घालून भागत नाही.

भाऊराव कृष्णराव गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२, नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते सत्याग्रह समितीचे सचिव होते. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. मागे नाशकातला लढा दादासाहेबांनी धरून ठेवला. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मुंबई विधानसभेवर गेले. पण लोक त्यांना ओळखत होते ते सत्याग्रहातला माणूस म्हणून.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने अधिकाराचे तीन प्रकार सांगितले : परंपरेचा, कायद्या-नियमांचा आणि असामान्य व्यक्तीच्या प्रभावाचा. तिसऱ्या प्रकारात खरी अडचण ती व्यक्ती गेल्यावर येते. ६ डिसेंबर १९५६ नंतर आपल्या चळवळीवर नेमकी हीच वेळ आली. बाबासाहेबांची जागा घेईल असा कुणीच नव्हता. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला.

एका बाजूला बॅरिस्टर-वकील मंडळी, पुढे बी. सी. कांबळे. दुसऱ्या बाजूला धोतरातले दादासाहेब. सुटाबुटाची माणसं विरुद्ध धोतराची माणसं, असं लोक म्हणायचे. कांबळे गटाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पक्ष घटनेप्रमाणे चालावा, कम्युनिस्टांच्या सोबतीत बाबासाहेबांचा विचार हरवू नये, ही काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण घटनेचं कलम दाखवून माणसं जमत नाहीत. आणि बाबासाहेबांचं नाव तर दोन्ही गट घेत होते.

मग लोक कुणाच्या मागे गेले? याचं उत्तर खानदेशात सापडतं. धम्मदीक्षेनंतर गावोगाव आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीची कामं सोडली. १ ऑगस्ट १९५९ पासून महार वतनही कायद्याने संपलं. गुलामी गेली हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर बलुतंही गेलं. तापीकाठची काळी जमीन दुसऱ्यांची, आपल्या हाती फक्त मजुरी. त्याच १९५९ मध्ये दादासाहेबांनी खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. मागणी सरळ होती : गायरान आणि सरकारी पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. पक्षाचा शिक्का कुणाकडे, यावर वाद चालू होता तेव्हा बायाबापड्या तुरुंगात जायला तयार होत होत्या. त्यांनी दादासाहेबांचं नियुक्तीपत्र मागितलं नव्हतं.

पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून हा लढा देशभर झाला. जमीन, किमान वेतन, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं चित्र, अशा मागण्या. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना बोलणी करावी लागली.

इथवर सगळं अभिमानाचं. पण या लाखोंच्या मागे गावपातळीवर टिकणारी, स्वतः निर्णय घेणारी संघटना उभी राहिली नाही. सगळं दादासाहेबांच्या शब्दावर चालत राहिलं. म्हणून १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी समझोता केला तेव्हा तो अडवायला किंवा नीट तपासायला पक्षात जागाच नव्हती. ज्याला पटलं नाही त्याने वेगळी चूल मांडली. नियम मानणाऱ्यांकडे माणसं नव्हती, माणसं असणाऱ्यांकडे नियम नव्हते. माझ्या मते चळवळीचं खरं नुकसान इथे झालं, आणि त्याचा दोष एकट्या दादासाहेबांवर टाकणं अन्याय होईल.

१९६८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले, तेव्हा पक्ष पुन्हा फुटलेला होता. सेंट्रल हॉलमधलं चित्र लागलं १२ एप्रिल १९९० ला. गायरानाच्या पट्ट्यांसाठी मात्र आपली माणसं अजूनही तहसीलच्या पायऱ्या चढताहेत.