प्राणवायूचा शोधक : जोसेफ प्रीस्टले

विद्यार्थी मित्रांनो, आपण जन्मापासून ज्या प्राणवायूवर जगतो, तो स्वतंत्रपणे मिळवून प्रथम स्वतःच्या छातीत भरून घेणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख आहे.

जोसेफ प्रीस्टले यांचा जन्म १७३३ साली इंग्लंडमधील लीड्स शहराजवळच्या एका खेड्यात, कापडाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. आई लहानपणीच वारली. आत्याने त्यांचा सांभाळ केला. प्रकृती नाजूक, त्यात बोलताना ते अडखळत. त्यांचे घराणे तेथील राजमान्य चर्चपासून अलग राहणाऱ्या पंथाचे होते. अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणून या समाजाने स्वतःची विद्यालये काढली होती. अशाच एका विद्यालयात प्रीस्टले शिकले. लॅटिन, ग्रीक व हिब्रूबरोबर थोडी अरबीही त्यांनी आत्मसात केली. पुढे ते धर्मोपदेशक व शिक्षक झाले. विज्ञान मात्र त्यांनी फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी प्रयोग करून शिकले, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

१ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले. त्यातून जो वायू निघाला, त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढच्या वर्षी त्यांनी या वायूत उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत तो पाव तास जगला असता, पण येथे तो अर्धा तास टिकला. मग प्रीस्टले यांनी काचेच्या नळीतून तो वायू स्वतः ओढून घेतला. नंतर काही वेळ त्यांना छाती हलकी वाटली. स्वीडनच्या शेले यांनीही हा वायू स्वतंत्रपणे आणि आधीच मिळविला होता. परंतु प्रीस्टले यांचा वृत्तांत प्रथम प्रसिद्ध झाला.

आता त्यांची खरी थोरवी पाहा. हा वायू रोग्यांना औषध ठरेल, हे त्यांनी ओळखलेच. पण त्याच वेळी त्यांच्या मनात शंका आली की, मेणबत्ती जशी यात लवकर जळून संपते, तसे निरोगी माणसाचे आयुष्यही लवकर झिजेल काय? आपल्याच शोधाबद्दल अशी शंका घेणारे थोडे!

त्यांची उपमा शब्दशः खरी ठरली नाही, पण सावधगिरी योग्य ठरली. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. १८७८ साली फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखविले की, जादा दाबाखाली प्राणवायू दिल्यास आकडी येते. शुद्ध प्राणवायू फार वेळ घेतल्यास फुप्फुसांना सूज येते. १९४० ते १९५५ च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या अनेक बालकांची दृष्टी जादा प्राणवायूमुळे गेली. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कक्षात आग भडकून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

पालकहो, याचा अर्थ प्राणवायूला भ्यावे असा नाही. न्यूमोनियात, धुराने गुदमरलेल्या माणसाला तो जीवदान देतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत सिलिंडरसाठी झालेली धावाधाव आपण विसरलेलो नाही. मात्र घरी सिलिंडर असेल तर त्याजवळ विडी, चूल, उदबत्ती पेटवू नका. बरे वाटावे म्हणून प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या काही रोग्यांचा श्वास जादा प्राणवायूने मंदावतो. प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रीस्टले यांचा शेवट सुखाचा नव्हता. त्यांच्या धार्मिक व राजकीय मतांमुळे १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्यांचे घर व प्रयोगशाळा जाळली. १७९४ साली ते अमेरिकेस गेले आणि १८०४ साली तेथेच वारले. राखेतून उठून त्यांनी तेथे पुन्हा प्रयोगशाळा उभारली होती. मित्रांनो, परीक्षेत त्यांचे नाव लिहाल, तेव्हा त्यांची जिद्द आणि त्यांची ती शंका, दोन्ही स्मरणात असू द्या.