वेगाच्या देवाला नैवेद्य

१९२० साली न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकारगिल नावाच्या गावात, एकवीस वर्षांच्या एका मुलाने नवीकोरी मोटरसायकल घेतली. पुढची सत्तावन्न वर्षं त्याने ती विकली नाही. एवढ्या काळात त्या गाडीत काय काय बदललं याची यादी करायला बसलो तर पानं पुरणार नाहीत. त्यापेक्षा काय बदललं नाही हे लिहिणं सोपं!

त्या मुलाचं नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. सगळं जग त्याला बर्ट मन्रो म्हणतं. आपल्या कॉलेजमधल्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांनी द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन हा २००५ सालचा पिक्चर बघितलेला असतो, त्यात अँथनी हॉपकिन्सने जो म्हातारा रंगवलाय तोच हा. (नावातल्या इंडियनचा आपल्याशी काही संबंध नाही बरं का. इंडियन ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची मोटरसायकल कंपनी.) वयाने तो माझ्या पणजोबांच्या पिढीतला, पण इथे त्याला अरे-तुरेच करणार आहे, कारण आठवडाभर त्याच्याबद्दल वाचून तो आता ओळखीचाच वाटायला लागलाय.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा. घर शेतकऱ्याचं. लहानपणापासून ओढ एकच, वेगाची. वडील ओरडत असताना घरातला सगळ्यात जोरात पळणारा घोडा काढून हा फिरायचा. पुढे क्लायनो नावाची एक साइडकारवाली मोटरसायकल त्याच्या हातात आली तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं असेल? साइडकार काढून टाकली आणि गाडी शर्यतीला नेली. तेव्हाच घरच्यांनी ओळखायला हवं होतं!

मग आली इंडियन स्काउट. चार्ल्स फ्रँकलिन या मूळच्या आयरिश इंजिनिअरने डिझाइन केलेलं हे मॉडेल तेव्हा अगदी नवीन होतं, आणि बर्टची गाडी कारखान्यातून बाहेर पडलेली ६२७ वी. ६०० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, तीन गिअर, आणि जास्तीत जास्त वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर. आज आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण त्या काळच्या रस्त्यांवर ५५ मैल म्हणजे चैन होती. सहा वर्षं बर्टने ती जशी आली तशी चालवली. १९२६ पासून त्याने ती उघडायला सुरुवात केली आणि मग ती खऱ्या अर्थाने कधी बंद झालीच नाही.

आता जरा थर्मोडायनॅमिक्सचं जर्नल काढा. स्काउटचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं होतं. म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर नसून सिलिंडरच्या बाजूला उभे असतात. बनवायला सोपं, टिकायला दणकट, पण ज्वलनाची जागा आडवी पसरलेली आणि आत येणाऱ्या हवेला वळसा घालून यावं लागतं. कॉम्प्रेशन रेशो एका मर्यादेपुढे वाढवताच येत नाही. बर्टने ते इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं केलं. विचार करा, हेड बदलायचं म्हणजे पुशरॉड आले, रॉकर आले, कॅम बदलले. वर्कशॉपमध्ये एक साधा जॉब फाइल करून काटकोनात आणताना आपली काय दशा होते ते आठवा. आणि हा माणूस हे सगळं घरच्या शेडमध्ये करत होता, स्वतः पार्ट ओतून! जुन्या डब्यांचे साचे करून त्यात तो धातू ओतायचा. पिस्टन, सिलिंडर बॅरल, फ्लायव्हील, सगळं घरचं. कनेक्टिंग रॉड त्याने कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलच्या पोलादातून हाताने कोरून काढले. मायक्रोमीटर म्हणून चाकाची एक जुनी तार. ते तारेचं प्रकरण वाचून मला मेट्रॉलॉजीच्या लॅबमधला आपला व्हर्निअर आठवला, ज्याचा झिरो एरर दर बॅचला वेगळा येतो.

इंजिनकडून गिअरबॉक्सकडे ताकद न्यायला स्काउटमध्ये तेलात बुडालेले तिरप्या दातांचे गिअर होते. कंपनीला त्यांचा अभिमान होता. बर्टने तेही काढले आणि तीन चेनची जोडणी बसवली. इंजिन ६०० सीसीवरून वाढत वाढत शेवटी ९५० सीसीवर गेलं.

हे सगळं बेभरवशाचं काम होतं. पिस्टन फुटायचे, रॉड तुटायचे. पण बर्टने ते फुटके पार्ट भंगारात दिले नाहीत. शेडमधल्या एका फळीवर मांडून ठेवले, आणि ती फळी म्हणजे वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य, असं त्याने त्यावर लिहूनच ठेवलं होतं. पाहुण्याला ही गंमत वाटत असेल. मला मात्र ती फळी त्या शेडमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटते. तीच त्याची लॅबची वही होती! कुठला पार्ट कसा तुटला हे समोर दिसतंय म्हटल्यावर पुढचा पार्ट कुठे जाड करायचा हे कळतं.

हे मला एवढं का पटलं ते सांगते. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाने आणि मी एक सेकंडहँड शंभर सीसीची गाडी घेतली. आधीच्या मालकाला मॉडिफिकेशनची हौस दांडगी. एअर फिल्टर गायब, आणि त्याची भरपाई म्हणून कार्ब्युरेटरमध्ये नको तेवढा मोठा जेट. त्यामुळे प्लग काळाकुट्ट आणि अ‍ॅव्हरेज पस्तीस. सायलेन्सरच्या आतली जाळी काढलेली, म्हणजे फायरिंग बुलेटचं आणि ताकद शंभर सीसीचीच. मागच्या स्प्रॉकेटला दात कमी केलेले, त्यामुळे सपाटीवर ठीक पण चढ आला की गाडी धापा टाकणार. दोन भलेमोठे हॉर्न रिले न लावता थेट हँडलच्या बटणावर, बटणातले पॉइंट जळून गेलेले. आणि वायरिंग! काळी टेप सोडवत गेलो तर आत वायरी नुसत्या पीळ मारून जोडलेल्या, लाल वायरीला पुढे हिरवी, हिरवीला पुढे कुठून तरी आणलेली टेपरेकॉर्डरची.

आमच्या गल्लीतले मिस्त्रीकाका म्हणाले की सगळं काढून फेका आणि कंपनीसारखी करा. दादाचंही तेच मत. पण आम्ही एकेक वस्तू काढायच्या आधी फोटो काढत गेलो, काढलेली वस्तू पिशवीत घालून वर चिठ्ठी लावत गेलो, आणि एका वेळी एकच बदल करून गाडी फिरवून बघत गेलो. फिल्टर आणि कंपनीचा जेट एकत्र बसवले (ते वेगळे करून चालत नाही), अ‍ॅव्हरेज साठच्या पुढे गेलं. वायरी डिक्रीप्रमाणे, सॉरी, डायग्रॅमप्रमाणे रंग बघून सोल्डर केल्या, वर स्लीव्ह चढवली. स्प्रॉकेट मूळ मापाचं आणलं. दोन गोष्टी मात्र आम्ही ठेवल्या. एक म्हणजे पेट्रोलच्या नळीत बसवलेला छोटा फिल्टर, कारण टाकीत आतून गंज होता. दुसरी म्हणजे साइड स्टँडच्या टोकाला वेल्ड केलेली लोखंडी चकती. ती आधी मला वेडेपणा वाटली. मग पावसाळ्यात आमच्या अंगणातल्या चिखलात गाडी लावली तेव्हा कळलं की तो माणसाच्या हातचा सगळ्यात शहाणा बदल आहे, स्टँड मातीत रुततच नाही. बाकीचे बदल मित्रांना दाखवायला केलेले, हा एक गरज पडली म्हणून केलेला. पण आधीच्या मालकाने काहीच लिहून ठेवलेलं नसल्यामुळे कुठला बदल कुठल्या जातीचा हे आम्हाला एकेक करून शोधावं लागलं.

आणि मग डोक्यात आलं, समजा बर्टची गाडी नाव-गाव न सांगता कुणी आमच्या अंगणात आणून उभी केली असती तर? डब्यात ओतलेले पिस्टन, कोरलेले रॉड, कंपनीचे गिअर काढून लावलेल्या चेन. मिस्त्रीकाकांनी एका दुपारीत सगळं जुगाड म्हणून काढायला लावलं असतं!

बर्टकडे परत येते. हे सगळं तो नोकरी सांभाळून करत होता. मोटरसायकलचा सेल्समन आणि मेकॅनिक म्हणून दिवसा काम, रात्री शेड. १९३० च्या मंदीत शेतावर परत जावं लागलं, तिथून पुन्हा मोटरसायकलकडे. १९३८ मध्ये त्याने न्यूझीलंडचा वेगाचा विक्रम केला. १९२७ मध्ये त्याचं बेरिलशी लग्न झालं होतं, चार मुलं झाली, आणि १९४७ मध्ये घटस्फोट झाला. पुढे तो नोकरी सोडून शेडमध्येच राहायला लागला. पिक्चरमध्ये हा एक मिश्कील एकटा म्हातारा दिसतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पण घरात चार मुलं असताना रोज रात्री नवरा शेडमध्ये, हे त्या घराला कसं गेलं असेल? त्याच्यावरच्या कौतुकाच्या लेखात बेरिलला एका ओळीत उरकतात. मीही त्यापेक्षा फार जास्त लिहू शकत नाहीये, हे मला खटकतंय.

अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. आटलेल्या सरोवराचा तळ, मैलोन्‌ मैल सपाट आणि पांढरा. गावाजवळच्या ओरेटी बीचच्या वाळूवर बर्टने आयुष्यभर गाडी पळवली, पण तिथे भरतीचं वेळापत्रक पाळावं लागतं. बॉनव्हिलला तो एकूण दहा वेळा गेला, पहिल्यांदा नुसतं बघायला. पिक्चरमध्ये या सगळ्या फेऱ्यांची एकच फेरी केलीय आणि आकड्यांना थोडा मीठमसाला लावलाय. (मिठाच्या मैदानावर मीठ कमी पडलं होतं बहुतेक.) तेव्हा खरे आकडे देते. १९६२ मध्ये, इंजिन ८५० सीसी असताना, ८८३ सीसीच्या गटात ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम. १९६६ मध्ये हजार सीसीच्या गटात १६८.०७. आणि २६ ऑगस्ट १९६७ ला, ९५० सीसीचं इंजिन घेऊन, १८३.५८६ मैल, म्हणजे ताशी २९५ किलोमीटरच्या वर. पात्रता फेरीत तर एका दिशेने १९०.०७ मैल. तेव्हा बर्ट ६८ वर्षांचा होता, हृदयाचं दुखणं मागे लागलेलं होतं, आणि स्काउट ४७ वर्षांची.

मी एक छोटं गणित केलं. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५५ मैलांवरून १८४ वर जायचं म्हणजे वेग सुमारे ३.३५ पट, आणि ताकद जवळजवळ ३७ पट! इंजिनची सीसी तर दीडपटीपेक्षा थोडीच जास्त वाढली होती. म्हणजे बाकीचं सगळं त्या व्हॉल्व्हमधून, कॉम्प्रेशनमधून, वाढलेल्या आरपीएममधून आणि गाडीवर चढवलेल्या माशासारख्या निमुळत्या कवचातून आलं. त्या कवचात बर्ट जवळजवळ पालथा झोपून गाडी चालवायचा. पाय टेकता येत नाहीत, ब्रेक नावापुरते. १९६७ मध्येच एकदा प्रचंड वेगात तो पडला आणि तरीही वाचला. त्याआधी १९३७ मध्ये बीचवरच्या शर्यतीत टक्कर होऊन सगळे दात गेले होते. नैवेद्य फक्त पिस्टनचाच दाखवला असं नाही.

१९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा ताळमेळ पूर्वीसारखा राहिला नाही हे त्याचं त्यालाच कळलं. तेव्हा त्याने इंडियन आणि तिच्या जोडीची वेलोसेट, दोन्ही गाड्या गावातल्याच नॉर्मन हेज या दुकानदाराला विकल्या. गाड्या आपल्याच मुलखात राहाव्यात एवढीच इच्छा. ६ जानेवारी १९७८ ला बर्ट गेला. हेज यांचं ते हार्डवेअरचं दुकान, आणि त्यात खिळे-स्क्रू-रंगाच्या डब्यांच्या शेजारी बर्टची मोटरसायकल लोकांना बघायला ठेवलेली. पुढच्या मालकाने तिला मूळ रूपात आणायचा उद्योग केला नाही. कंपनीसारख्या चकचकीत १९२० च्या स्काउट जगात आणखीही आहेत.

त्या गाडीतली एक दुरुस्ती मात्र बर्टच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी झाली, तीही पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता. विक्रम मोजताना दोन्ही दिशांच्या फेऱ्यांची सरासरी धरतात. बर्टचा मुलगा जॉन जुने आकडे बघत होता, तेव्हा १९६७ ची सरासरी काढताना हिशेबात चूक झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडे तपासले, चूक मान्य केली, आणि २०१४ मध्ये विक्रम १८३.५८६ वरून १८४.०८७ मैलांवर नेला.