इमाम गझाली (रह.) : मसनद सोडली, मग पुन्हा शिकवलं

इमाम अबू हामिद गझाली (रह.) यांचा जन्म १०५८ साली इराणातल्या तूस इथं झाला. १०९१ मध्ये वजीर निजामुल-मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात उस्ताद नेमलं. शेकडो तालिबे-इल्म दर्साला बसायचे, दरबारातही मोठा मान. पण मनात एकच सवाल सलत होता : हे शिकवणं अल्लाहसाठी की नावासाठी?

सहा महिने घालमेल चालली. १०९५ मध्ये जबानच बंद झाली, घास गिळवेना. हकिमांनी हात टेकले. तेव्हा बायको-मुलांपुरतं ठेवून बाकी माल वाटला आणि बगदाद सोडलं. दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनारात दार लावून ते इबादत करायचे. पुढे बैतुल मुकद्दस आणि हज झाली. मुलांच्या ओढीनं घरी परतले, तरी एकांत जपला.

११०६ साली नैशापूरला ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच, नियत बदललेली. अखेरीस तूसमध्ये घराजवळच मदरसा आणि खानकाह सुरू केली. ११११ मध्ये तिथंच इंतेकाल झाला.

मशिदीच्या कमिटीत, बयानात, मदरशात खपणाऱ्यांनी रात्री स्वतःला हाच सवाल विचारावा. कुणाला न दिसणाऱ्या दोन रकातींसाठी आपल्याकडे वेळ उरतो का?