नामचंद पवळाबाई हिवरगावकर

विहारात वंदना झाल्यावर जुन्या गाण्यांचा विषय निघाला की आपल्या वस्तीतली वडीलधारी मंडळी खुलतात. कुणी भीमराव कर्डकांच्या जलशातली चाल काढतो, कुणी वामनदादांचं विसरलेलं गाणं मधूनच उचलतो, आयाबायांना जात्यावरच्या ओव्या आठवतात. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी तर अजून कितीतरी घरांत माळ्यावर आहेत. पण लावणीचं नाव काढलं की माणसं गप्प होतात. ते आपलं नव्हे, असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच बुडतो. आम्हाला वाटतं, ते आपलंच होतं, फक्त त्यावर नाव दुसऱ्याचं पडलं. म्हणून या स्मरणिकेत पवळाबाईंविषयी लिहीत आहोत.

नाशिक-पुणे रस्त्यावर संगमनेर सोडलं की हिवरगाव पावसा लागतं. आता लोकांना तिथला टोलनाका तेवढा माहीत. या गावात भालेरावांच्या महार कुटुंबात १२ ऑगस्ट १८७० रोजी पवळाबाईंचा जन्म झाला. वडिलांचं नाव तबाजी. गावाला देवगडच्या खंडोबाचं ठाणं आहे. त्या काळी मूल होत नसलं किंवा झालेलं जगत नसलं की नवस बोलायचा आणि पोर देवाला वाहायची, अशी रीत होती. पवळाबाई अशाच खंडोबाला वाहिल्या गेल्या, मुरळी झाल्या. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लागलेली बाई. तिला माणसाशी संसार नाही. कपाळाला भंडारा लावायचा, हातात घाटी घ्यायची आणि वाघ्याच्या दिमडीवर रात्रभर जागरणात गायचं, नाचायचं. खंडोबा साऱ्या महाराष्ट्राचा, पण मुरळ्या मात्र बहुतेक अस्पृश्यांच्या नि गोरगरिबांच्या घरच्या. पाटला-देशमुखांच्या पोरी वाहिलेल्या आम्ही ऐकल्या नाहीत.

मात्र रात्र रात्र गाऊन गळा तयार होतो, ही गोष्ट खरी. ना उस्ताद, ना शाळा. उघड्यावर, ढोलकी-हलगीच्या गलक्यावरून शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर तसाच गळा लागतो.

त्या वेळच्या तमाशात बाई नव्हती. महार-मांगांचे फड गावोगाव फिरायचे, पण लुगडं नेसून नाचायचा तो नाच्या पोऱ्या. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचं नाव घेतलं जातं. लोकांनी त्यांना नामचंद ही पदवी लावली. पुढे त्यांची गाठ पडली ती पठ्ठे बापूरावांशी. हे मूळचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, जन्म १८६६ चा. कुलकर्णीपण सोडून ते तमाशात आले आणि जातीने त्यांना दूर केलं. कवन करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मान्य करायलाच हवं. १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी छत्रपती शाहू महाराजांपुढे मिठाराणीचा वग केला. मुंबईत गिरण्यांचा भोंगा झाला की कामगार तमाशाच्या थिएटरांकडे वळायचे. या गर्दीने बापूराव-पवळा ही जोडी मोठी केली. अंगावर सरकीचा कापूस तसाच असायचा, खिशात पगाराचे चार पैसे, आणि ते तिकिटाला जायचे. आम्ही गिरणीतली माणसं, ती गर्दी आम्हाला डोळ्यांपुढे दिसते.

आता एक बारीक गोष्ट बघा. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. त्यामुळे लावणी दहा फडांतून फिरली, शंभर वर्षं गेली, तरी रचणाराचं नाव तिच्यासोबत चालत राहतं. गाणारणीचं नाव कुठे गुंफणार? ती पुढे उभी राहून गाते, मागून झीलकरी ध्रुवपद उचलतात, ढोलकी कडकडते, आणि रात्र संपली की तिचं काम संपलं. बापूरावांच्या ढोलकीवरच्या लावण्या १९५८ साली छापून आल्या. त्याआधी १९५० साली त्यांच्यावर बोलपट निघाला, तोही त्यांच्याच नावाचा. आमच्या वस्तीत जेवढ्या तबकड्या आणि कॅसेटी फिरल्या, त्यांत पवळाबाईंचा आवाज कधी वाजला नाही. आणि लोकांची जीभ बघा: ते बापूराव, ती नुसती पवळा. आम्ही पवळाबाईच म्हणणार.

१९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत आहे. बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केलं. चळवळीला पैशाची तर किती नड होती. तरी बाबासाहेबांनी ते नाकारलं. अस्पृश्य बायांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा घेतली आणि हे जिणं सोडायला सांगितलं. त्याआधी १९३४ साली मुंबई इलाख्यात मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदाही झाला होता. पवळाबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या. कायदा त्यांच्या कामाचा राहिला नव्हता.

बाबासाहेबांचा नकार आम्हाला पूर्णपणे पटतो. पण तो पैशाला आणि त्या धंद्याला होता, त्या गळ्याला नव्हता. काही कार्यकर्ते पवळाबाईंचं नाव टाळतात. समाजाची लाज वाटते म्हणतात. अहो, लाज कुणी वाटून घ्यायची? लहान पोरीला देवाच्या नावाने उभं केलं त्यांनी, की त्या पोरीने? आणि आंबेडकरी जलशांनी तरी काय केलं? गणपतीचा गण काढला, गवळण काढली, नाच काढला, पण ढोलकी, बतावणी, वगाची बांधणी ठेवली. तमाशातलं हे हत्यार महार-मांग कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून धारदार केलेलं होतं. पवळाबाई त्यांतल्याच.

बापूराव आणि पवळाबाई यांची पुढे ताटातूट झाली. ६ डिसेंबर १९३९ रोजी पवळाबाई गेल्या. बापूरावांचा शेवट २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात हलाखीत झाला. सहा डिसेंबरला आपण दादरला जातो ते वेगळ्या कारणाने, पण तारीख तीच आहे, हे आम्ही आमच्यापुरतं लक्षात ठेवलं आहे.

संगमनेरच्या त्याच रस्त्याने पुढे पुणे जिल्ह्यात नारायणगाव लागतं, ते विठाबाईंचं. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. पवळाबाईंना उशिरा का होईना, न्याय दिला तो आपल्याच जिल्ह्यातल्या लेकीने. कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावच्या शैलजा पाईक अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. त्यांचा ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हा ग्रंथ २०२२ साली निघाला. त्यात पवळाबाईंच्या आयुष्याचा सविस्तर विचार आहे. २०२४ साली पाईक यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ग्रंथ इंग्रजीत आहे, आमचं इंग्रजी दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. वस्तीतल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी तो मिळवून वाचावा आणि एखाद्या रविवारी विहारात आम्हाला मराठीत सांगावा.